काळाची मुखत्यारी

घरी बसून संगीत ऐकणाऱ्या रसिकाच्या उपकरणांत गेल्या वीस वर्षांत जो फेरबदल झाला त्याचे सार असे सांगता येईल की, पूर्वी तबकडी फिरवणारे एकच यंत्र जे काम आरंभापासून अखेरपर्यंत करीत असे ते आता दोघांत वाटले गेले आहे. इंटरनेटवरून किंवा घरातल्या साठ्यातून संगीताचे आकडे आणून हजर करणारा स्ट्रीमर हा एक, आणि त्या आकड्यांचे विद्युत्-तरंगात रूपांतर करून ते ॲम्प्लिफायरच्या हवाली करणारा डॅक हा दुसरा. या दोघांना जोडणारी जी हातभर लांबीची तार, तिच्याविषयी रसिकांत जेवढा वाद होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाविषयी होत असेल. डॅकच्या पाठीमागे पाहावे तर यूएसबीचे चौकोनी तोंड, कोॲक्सिअलचे गोल, ऑप्टिकलचे झडपेआड दडलेले, महागड्या यंत्रांत तीन छिद्रांचे एईएस आणि कधीकधी एचडीएमआयच्या आकाराचे आय-टू-एस, अशी पाच दारे शेजारी शेजारी असतात. एक पक्ष म्हणतो की आकडे ते आकडे, ते कोणत्याही दाराने आत आले तरी डॅकला मिळते ते एकच, तेव्हा तारेची चर्चा करणे हा वेळेचा अपव्यय होय. दुसरा पक्ष तितक्याच निष्ठेने सांगतो की यूएसबीने आवाज धारदार होतो, कोॲक्सिअलने भरीव, ऑप्टिकलने पातळ, आणि जी गोष्ट कानाला कळते तिची शहानिशा गणिताने करण्याचे कारण नाही.

माझे प्रतिपादन असे की, हे दोन्ही पक्ष ज्या मुद्द्यावर भांडत आहेत तो मुद्दा वादाचा नाहीच. आकडे जसेच्या तसे पोहोचतात, याविषयी संशय घेण्यास जागा नाही. परंतु तारेवरून आकड्यांखेरीज आणखी दोन गोष्टी जातात, किंवा जात नाहीत, आणि जोडणीचे गुणावगुण त्या दोहोंवर ठरतात: पहिली, प्रत्येक आकड्याचे ध्वनीत रूपांतर कोणत्या क्षणी व्हावे हे ठरवणारे घड्याळ कोणाच्या ताब्यात राहते, आणि दुसरी, दोन यंत्रांच्या धातूच्या अंगांमध्ये विजेचा संबंध जुळतो की तुटलेला राहतो. या दोन कसोट्या हाती धरल्या म्हणजे पाच दारांचे तारतम्य आपोआप लागते, आणि माझ्या मते त्यांतली दुसरी कसोटी, जिच्याविषयी बोलणारे थोडे, तीच आपल्या घरांत अधिक महत्त्वाची ठरते.

आधी आकड्यांचा मामला निकालात काढू. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली तेव्हा सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असा हिशेब होता, म्हणजे दोन्ही कानांचे मिळून सेकंदाला १४ लक्ष ११ हजार २०० बिट. दीड मीटर तारेतून एवढे बिट नेणे ही विद्युत्-शास्त्राच्या दृष्टीने फार साधी गोष्ट आहे. शिवाय एखादा बिट वाटेत हरवलाच तर त्याचा परिणाम ‘गायकाचा आवाज किंचित रुक्ष लागला’ असा नाजूक नसतो. टक् असा स्पष्ट आवाज येतो किंवा क्षणभर संगीतच बंद पडते. ज्याच्या घरी असे काही होत नाही त्याच्या घरी आकडे सुखरूप पोहोचत आहेत, एवढे धरून चालण्यास हरकत नाही.

आता घड्याळाचा प्रश्न. कोॲक्सिअल आणि ऑप्टिकल या दोन वाटा दिसायला भिन्न असल्या तरी त्यांवरून चालणारी लिपी एकच आहे, तिचे नाव एस-पीडीआयएफ. ध्वनिमुद्रणगृहे आणि नभोवाणी केंद्रे यांच्यासाठी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या संस्थांनी १९८५ साली जे प्रमाण प्रसिद्ध केले त्याची ती घरगुती आवृत्ती होय. या लिपीत प्रत्येक नमुन्यासाठी ३२ घरांची एक ओळ असते. पहिली चार घरे आरंभाची खूण म्हणून राखलेली, पुढची चोवीस प्रत्यक्ष नमुन्यासाठी, आणि शेवटची चार दफ्तरी कारभारासाठी, म्हणजे नमुना ग्राह्य आहे की नाही, सोबत कोणती माहिती आहे, बिटांची संख्या सम आहे की विषम, इत्यादी. डाव्या आणि उजव्या कानाच्या ओळी मिळून ६४ घरे, आणि ती सेकंदाला ४४,१०० वेळा भरावयाची, म्हणून तारेवरून सेकंदाला २८ लक्षांहून अधिक बिट धावतात. लिहिण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे: प्रत्येक बिटाच्या आरंभी तारेवरचा विद्युत्-दाब पालटलाच पाहिजे, बिट एक असेल तर मध्यावर तो आणखी एकदा पालटतो, शून्य असेल तर पालटत नाही. फक्त आरंभाच्या खुणेत हा नियम जाणूनबुजून मोडलेला असतो, आणि त्या मोडण्यावरूनच नवी ओळ कोठे सुरू झाली ते घेणाऱ्याला कळते.

या रचनेचे चातुर्य वादातीत आहे, कारण वेगळी घड्याळाची तार न लावता एकाच तारेवर आकडाही गेला आणि त्या आकड्याची वेळही गेली. परंतु या चातुर्याची किंमतही तेथेच आहे. डॅकला स्वतःचे घड्याळ नाही. येणाऱ्या पालटांवरून त्याने स्ट्रीमरच्या घड्याळाचा अदमास घ्यावयाचा आणि त्या अदमासाबरहुकूम रूपांतर करावयाचे. पालटाची कडा जर तारेच्या दोषाने थोडी उतरती झाली, तर ती केव्हा ओलांडली गेली याचा निर्णय आधी गेलेल्या बिटांवर अवलंबून राहतो, आणि संगीताचेच आकडे संगीताच्या वेळेत लुडबूड करू लागतात. एसेक्स विद्यापीठातले माल्कम हॉक्सफर्ड आणि त्यांचे सहकारी ख्रिस डन यांनी १९९२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत वाचलेल्या निबंधात नेमका हाच दोष मांडला, आणि या जोडणीची रचनाच सदोष आहे काय, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारला. वेळेच्या या चलबिचलीला जिटर म्हणतात.

जिटर किती असला म्हणजे चालेल, याचे गणित कोणालाही कागदावर करता येते. श्रवणाच्या वरच्या सीमेवरचा, सेकंदाला २०,००० कंपनांचा, पूर्ण उंचीचा स्वर घ्यावा. तो शून्यरेषा ओलांडताना सर्वांत वेगाने बदलत असतो. त्या क्षणी वेळेत जेवढी चूक होईल तिने १६ बिटांतल्या सर्वांत लहान पायरीच्या निम्म्याहून अधिक फरक पडू नये, अशी अट घातली तर उत्तर येते सुमारे १२१ पिकोसेकंद. एवढ्या अवधीत निर्वात पोकळीत प्रकाश साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपासच जातो. हा आकडा ऐकून सामान्य माणूस हबकतो, आणि जाहिराती लिहिणाऱ्यांनी त्या हबकण्याचा पुरेपूर लाभ घेतला आहे. वस्तुतः ही अट कागदावरची आहे, कानाची नव्हे. डॉल्बी प्रयोगशाळेतील एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी १९९८ साली माणसांना बसवून जे प्रयोग केले त्यांत शुद्ध स्वरांच्या बाबतीतही सर्वांत तीक्ष्ण मर्यादा १० नॅनोसेकंदांच्या आसपास निघाली, आणि प्रत्यक्ष संगीतात ती त्याहून सैल होती. जपानमध्ये आशिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनियमित जिटर ओळखण्यास काहीशे नॅनोसेकंद लागले. एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद. बऱ्यापैकी बनवलेल्या कोणत्याही आधुनिक डॅकमधला जिटर या मर्यादांच्या फार खाली असतो. तेव्हा केवळ जिटरच्या भीतीने तारेपायी हजारो रुपये खर्च करण्यास मला आधार दिसत नाही.

मग घड्याळाच्या मुखत्यारीचा प्रश्न उरतोच कशाला, असे कोणी विचारील. तो उरतो याचे कारण असे की, ज्या परिस्थितीने ही रचना जन्माला घातली ती परिस्थिती आता राहिलेली नाही, आणि तरीही वहिवाट म्हणून ती चालू आहे. तबकडी फिरवणाऱ्या यंत्रात तबकडीची गती घड्याळाबरहुकूम राखावी लागे. घड्याळ त्या यंत्राकडे असणे हे तेव्हा सोयीचेही होते आणि स्वाभाविकही. स्ट्रीमरमध्ये काहीही फिरत नाही. आकडे स्मृतीत पडून असतात. मागितले तेव्हा द्यावे, एवढेच त्याचे काम. अशा वेळी रूपांतराचे घड्याळ रूपांतर करणाऱ्याकडे, त्याच पेटीत, रूपांतराच्या चिपला खेटून असावे हेच न्याय्य होय, कारण त्या घड्याळाच्या चुकीची जबाबदारी अखेर ध्वनीच्या रूपाने त्याच पेटीतून बाहेर पडणार असते.

यूएसबीचे महत्त्व येथे आहे, आणि ते सर्वसाधारण चर्चेत फारच थोड्यांना उमगते. यूएसबीवरून ध्वनी नेण्याचे पहिले प्रमाण १९९८ सालचे, दुसरे २००६ सालचे. आरंभीच्या बहुतेक यंत्रांनी जी पद्धत स्वीकारली तीत संगणक दर मिलिसेकंदाला एक गठ्ठा पाठवी. ४४,१०० नमुन्यांना एक हजाराने भागले की ४४.१ येतात आणि नमुन्याचा दशांश तर पाठवता येत नाही, म्हणून नऊ गठ्ठे ४४ नमुन्यांचे आणि दहावा ४५ नमुन्यांचा. या खडबडीत आवकीवरून डॅकने गुळगुळीत घड्याळ तयार करावयाचे, ही गोष्ट एस-पीडीआयएफपेक्षाही अवघड होती, आणि यूएसबीची जी दुष्कीर्ती अद्याप पुष्कळांच्या मनात आहे तिचे मूळ त्या काळात आहे. पुढे असिंक्रोनस पद्धत रूढ झाली. तीत डॅकजवळ स्वतःची दोन स्फटिकघड्याळे असतात. ४४,१०० च्या कुळासाठी बहुधा २२.५७९२ मेगाहर्ट्झचे आणि ४८,००० च्या कुळासाठी २४.५७६ मेगाहर्ट्झचे. त्या घड्याळाने रूपांतर चालू असताना डॅक संगणकाला वरचेवर कळवतो की मला या गतीने माल हवा, आणि संगणक त्याप्रमाणे आपले गठ्ठे लहानमोठे करतो. ख्यालाच्या मैफलीत लय गवई ठरवतो आणि ठेका धरणारा तबलजी तिला अनुसरतो, तसाच हा अधिकारक्रम आहे. यूएसबीच्या या प्रवासात हरवलेला गठ्ठा पुन्हा मागवण्याची सोय नाही हे खरे. पण आधी म्हटल्याप्रमाणे गठ्ठा हरवला तर तो टक् असा ऐकू येतो, आणि सुस्थितीतल्या तारेवर तसे सहसा होत नाही.

या न्यायाने पाहता यूएसबी श्रेष्ठ ठरावी. परंतु एस-पीडीआयएफच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा विचार फारसा केला जात नाही. दोन साध्या स्फटिकघड्याळांत दशलक्षात पन्नास भागांचा फरक आहे असे धरा. ४४,१०० नमुन्यांच्या गतीने हा फरक सेकंदाला जेमतेम सव्वादोन नमुन्यांचा होतो, आणि डॅकने प्रारंभी एका सेकंदाचे नमुने साठवून घेतले तर तो साठा संपायला साडेपाच तास लागतील. दोन रागांच्या मधल्या शांततेत तो पुन्हा भरून घेता येईल. म्हणजे एस-पीडीआयएफवरूनही डॅकला स्वतःचे घड्याळ चालवता येणे अशक्य नाही. दूरदर्शन संचावर चित्र आणि ध्वनी यांचा मेळ राखण्यासाठी विलंब चालत नाही, पण केवळ संगीत ऐकणाऱ्याला एका सेकंदाच्या विलंबाने काय बिघडणार? काही निर्मात्यांनी असा साठा ठेवला आहे, काहींनी येणाऱ्या नमुन्यांचे नव्या घड्याळाच्या मापाने पुनर्गणन करणाऱ्या चिपा बसवल्या आहेत. या तऱ्हेच्या डॅकमध्ये कोॲक्सिअल आणि यूएसबी यांतला घड्याळाचा भेद जवळजवळ नाहीसा होतो. जोडणीचा दर्जा ठरवण्याचे काम तारेचे नसून डॅकच्या रचनाकाराचे आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

आता दुसरी कसोटी, जिच्याविषयी मला अधिक आस्था आहे. यूएसबीच्या तारेत दोन आकड्यांच्या तारा असतात, एक पाच व्होल्टची, एक ऋण टोकाची आणि वर धातूचे आवरण. स्ट्रीमर आणि डॅक यूएसबीने जोडले की दोघांची धातूची अंगे, म्हणजे विजेच्या भाषेत त्यांच्या जमिनी, एक होतात. आपल्याकडे स्ट्रीमर म्हणून वापरात असलेला लहानसा संगणक बहुधा टू-पिन ॲडॅप्टरवर चालतो. ॲडॅप्टरमधला गोंगाट दाबण्यासाठी आत जो छोटा कपॅसिटर असतो त्यातून २३० व्होल्टच्या विजेचा सूक्ष्म अंश पलीकडे झिरपतो. लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या पाठीवरून बोटाचे टोक अगदी हलके फिरवले म्हणजे ज्या झिणझिण्या लागतात त्या याच प्रवाहाच्या. तो धोक्याचा नसतो, पण त्याला जमिनीकडे जायला वाट हवी असते. आणि ती वाट यूएसबीच्या आवरणातून डॅकमध्ये, डॅकमधून आरसीएच्या तारेने ॲम्प्लिफायरमध्ये, आणि ॲम्प्लिफायरच्या तिसऱ्या पिनमधून घराच्या अर्थिंगमध्ये अशी मिळते. ज्या आरसीएच्या आवरणातून हा प्रवाह गेला, त्याच आवरणाशी तुलना करून ॲम्प्लिफायर संगीत वाचतो, म्हणून प्रवाहाचा ठसा संगीतावर उमटतो. जुन्या इमारतींत, जेथे तिसरी पिन भिंतीत नुसती नावापुरती आहे, तेथे हा मामला अधिकच गुंतागुंतीचा होतो.

हा दोष प्रत्यक्ष पाहायचा असेल तर त्याला कोणतेही मापनयंत्र लागत नाही. संगीत बंद ठेवून ॲम्प्लिफायरचा आवाज नेहमीच्या पातळीहून थोडा वर न्यावा आणि स्पीकरच्या जाळीला कान लावावा. खाली घुमणारे हमिंग ऐकू येईल, किंवा त्यावर एक बारीक किरकिर, जी स्ट्रीमरला काही काम सांगितले की बदलते. यूएसबी दर मिलिसेकंदाला किंवा त्याच्या अष्टमांशाला गठ्ठा पाठवते, म्हणून १,००० किंवा ८,००० कंपनांच्या जागी बारीक शिट्टीसारखा अंश पुष्कळदा सापडतो. आवाज खाली आणून यूएसबीची तार काढावी आणि पुन्हा पूर्ववत ऐकावे. हमिंग नाहीसे झाले तर अपराधी सापडला. तो जिटर नव्हे, आकडेही नव्हेत, तर जमिनीचा प्रवाह होय.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला या दोषाचा उपद्रव इतरांहून अधिक होतो असे मला वाटते, आणि त्याचे कारण केवळ भावनेचे नाही. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ कंपनांचा. विजेचे ५० कंपनांचे हमिंग आणि त्याचा दुप्पट अंश १०० कंपनांचा, हे दोन्ही त्या खर्जाच्या खाली आणि वर, त्याच्याशी कोणतेही सुरेल नाते न ठेवता, ठाण मांडून बसतात. वाद्यवृंदाच्या गजरात ते बुडून जाईल. पण विलंबित ख्यालाच्या आरंभी, गवयाने पहिला षड्ज लावण्याआधी, जेव्हा नुसता तंबोरा वाजत असतो आणि जवारीतून निघणाऱ्या उपस्वरांकडे कान लागलेला असतो, त्या वेळी हा परका स्वर सतत शेजारी उभा असतो. ज्याला तंबोऱ्याची सवय आहे त्याला तो दोष म्हणून ओळखता येईलच असे नाही. परंतु ‘काहीतरी मोकळे वाटत नाही’ अशी जी तक्रार रसिक करतात आणि जिचा ठपका ते आकड्यांवर किंवा तारेच्या धातूवर ठेवतात, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

या कसोटीवर ऑप्टिकल जोडणीची योग्यता लोकमानसात आहे त्याहून कितीतरी मोठी ठरते. तोशिबा कंपनीने १९८३ साली प्रचारात आणलेली ही पद्धत म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा, एका टोकाला तांबडा प्रकाश देणारा दिवा आणि दुसऱ्या टोकाला तो पाहणारा डोळा, एवढेच. दोन यंत्रांमध्ये धातूचा स्पर्शच नाही, म्हणून जमिनीचा प्रवाह जाण्याचा प्रश्नच संपतो. तिच्यावर आक्षेप आहेत, आणि ते खरेही आहेत: दिव्याची उघडझाप विजेइतकी तडफदार नसते, म्हणून तिचा जिटर कोॲक्सिअलहून अधिक, आणि सेकंदाला ९६,००० नमुन्यांपलीकडे ती खात्रीने चालत नाही, काही यंत्रांत १,९२,००० पर्यंत जाते तर काहींत मध्येच आवाज तुटतो. सुपर ऑडिओ सीडीच्या एकबिटी मुद्रणाला नेहमीच्या बहुबिटी आकड्यांच्या (पीसीएम) वेष्टनात घालून पाठवायचे तर १,७६,४०० ची गती लागते, तेव्हा त्या मुद्रणांचा हव्यास असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. परंतु आपल्या रसिकांच्या संग्रहात जे खरोखर मोलाचे आहे ते बव्हंशी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून, आकाशवाणीच्या फितींवरून किंवा खासगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांवरून उतरवलेले आहे. त्याला ४४,१०० ची गती पुरून उरते. तेथे ऑप्टिकलची मर्यादा कोणाच्या वाट्याला येणारच नाही, आणि तिचा गुण मात्र रोज मिळत राहील. फक्त नव्या तारेच्या टोकावरची इवलीशी पारदर्शक टोपी आधी काढावी. ती तशीच राहिल्याने प्लग नीट बसत नाही आणि बिचाऱ्या जोडणीला निष्कारण नावे ठेवली जातात.

कोॲक्सिअल या दोहोंच्या मध्ये उभी आहे. डॅकच्या दाराशी लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असेल तर ती जमिनीचा संबंधही बराचसा तोडते. तो बसवलेला नसेल तर यूएसबीचाच दोष तिच्यात येतो. हा ट्रान्सफॉर्मर लावणे फार खर्चाचे नाही, तथापि पुष्कळ निर्माते तो गाळतात, आणि तो आहे की नाही हे माहितीपत्रकात लिहीत नाहीत. तारेची प्रतिबाधा ७५ ओहम असावी एवढी अट पाळली की पुरे. घरोघरी केबल टीव्हीसाठी जी आरजी-६ तार ओढली गेली तिचीही प्रतिबाधा तीच. तिच्या टोकांना नीट बसवलेले प्लग लावून कोणत्याही कुशल कारागिराकडून करून घेतलेली जोडणी आणि पेटीत घालून विकली जाणारी महागडी तार यांत मला अंतर दिसत नाही.

एईएस ही मूळची ध्वनिमुद्रणगृहांची वाट. दाब अधिक, तारा संतुलित, लांब पल्ल्यासाठी उत्तम, पण दोन यंत्रे एकाच फळीवर ठेवलेल्या घरात तिचा विशेष उपयोग नाही. आय-टू-एसविषयी हल्ली फार ऐकू येते. फिलिप्सने १९८६ साली ती लिहिली ती एकाच पेटीतल्या दोन चिपांनी परस्परांशी बोलावे म्हणून. तीत घड्याळाची तार वेगळी, ओळीची वेगळी, आकड्यांची वेगळी, त्यामुळे घड्याळ हुडकून काढण्याचा खटाटोप वाचतो. पण दोन पेट्यांमध्ये ती नेण्याचे सर्वमान्य प्रमाण नाही. एचडीएमआयच्या आकाराच्या दारात कोणत्या पिनेवर काय आहे हे निर्मात्यागणिक बदलते, आणि जुळणी न साधली तर डावे-उजवे उलटते किंवा नुसता खरखराट येतो. शिवाय सर्वसाधारण मांडणीत घड्याळ स्ट्रीमरकडेच राहते, म्हणजे ज्या मुखत्यारीसाठी हा खटाटोप ती पुन्हा चुकीच्या हातीच. दोन्ही यंत्रे एकाच निर्मात्याची असतील तरच तिचा विचार करावा.

या विवेचनाची स्वाभाविक परिणती जेथे होते ती जागा मात्र या पाचही दारांच्या बाहेर आहे. ज्या डॅकमध्ये स्ट्रीमर आतच बसवलेला असतो आणि बाहेरून फक्त नेटवर्कची तार येते, त्यात आकडे काळाविना येतात: हरवलेला गठ्ठा पुन्हा मागवला जातो, काही सेकंदांचा साठा स्मृतीत राहतो, आणि नेटवर्कच्या दाराशी ट्रान्सफॉर्मर असल्याने, आवरण नसलेली साधी तार वापरली तर, जमिनीचा संबंधही तुटलेला असतो. दोन्ही कसोट्यांवर हीच मांडणी मला सर्वांत निर्दोष वाटते, आणि नवे काही घेणाऱ्याने आधी तिचाच विचार करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. अर्थात पेटीच्या आत तो संगणक डॅकच्या शेजारीच गोंगाट करीत असतो, आणि त्याला किती दूर ठेवले हे पुन्हा रचनाकाराच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहते.

ज्यांना प्रत्येक जोडणीचा आवाज निराळा ऐकू येतो त्यांच्या अनुभवाचा मी अवमान करीत नाही. तो अनुभव पुष्कळदा खरा असतो. त्याचे कारण मात्र तारेत नसते. अँड्रॉइडच्या नेहमीच्या ध्वनिव्यवस्थेतून ४४,१०० चे संगीत काढले तर ते वाटेत ४८,००० च्या गतीला बदलले जाते, विंडोजही सामायिक पद्धतीत आपल्या ठरीव गतीला सर्व काही आणून बसवते. त्याच स्ट्रीमरचे दुसरे दार या बदलातून सुटलेले असले तर दोन दारांतून बाहेर पडणारे आकडेच भिन्न होतात. कोठे मोठ्या आणि लहान आवाजाची गाणी समपातळीस आणणारी सोय चालू राहिलेली असते. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, तो ‘अधिक जिवंत’ म्हणून जाणवतो, आणि कोणत्याही तुलनेचा निकाल फिरवायला तो पुरतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी डॅकच्या दर्शनी भागावरचा आकडा पाहावा. सीडीवरून उतरवलेली फाइल चालू असता तेथे ४४.१ दिसते की ४८ दिसते, एवढ्या एका दृष्टिक्षेपाने निम्मे वाद मिटतात. उरलेल्यांसाठी पातळी मोजून सारखी करावी आणि कोणते दार चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता घरच्या दुसऱ्या कोणाकडून अदलाबदल करवावी. असे करूनही ज्याला फरक सातत्याने ओळखता आला त्याची साक्ष मी आनंदाने मान्य करीन, आणि त्याच्या डॅकमध्ये दुरुस्त करण्याजोगे काहीतरी आहे असे समजेन.

निर्मात्यांकडून मात्र एक मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे. जूलियन डन यांनी जिटर तपासण्यासाठी तयार केलेला संकेत कित्येक वर्षे उपलब्ध आहे. ४४,१०० च्या गतीत त्यात ११,०२५ कंपनांचा एक स्थिर स्वर असतो आणि त्याच्या जोडीला सर्वांत लहान बिटाची संथ उघडझाप असते, जेणेकरून आकड्यांचा वेळेवर होणारा परिणाम उघडा पडावा. हा एकच संकेत यूएसबी, कोॲक्सिअल आणि ऑप्टिकल या तिन्ही दारांतून चालवून तिन्हींचे आलेख शेजारी शेजारी छापणे हे कोणत्याही प्रयोगशाळेला एका दुपारचे काम आहे. त्याच्याच खाली, कोणत्या दाराशी जमिनीचा संबंध तोडलेला आहे आणि कोणत्या दाराशी नाही, हे एका ओळीत लिहावे. या दोन गोष्टी ज्या डॅकच्या माहितीपत्रकात नाहीत त्याची किंमत कितीही असो, ही माहिती दुकानदाराकडे लेखी मागावी, आणि मिळेपर्यंत खरेदी तहकूब ठेवावी.